लघुमाहितीपटाची पूर्वतयारी : दृश्ये आणि प्रश्न

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी आपल्या औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद अशी घरे काही क्षणांत खाली आली. मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या आसपास आहे. इतर नोंदी त्याहून मोठी संख्या सांगतात. ही माहिती आपल्यापैकी अनेकांना पाठ आहे. मात्र माहिती पाठ असणे वेगळे आणि साक्ष जपून ठेवणे वेगळे. त्या पहाटे जे तिशीत होते ते आज साठी ओलांडून गेले आहेत आणि जे साठीत होते त्यांच्यापैकी फार थोडे उरले आहेत. आमच्या वसतिगृहातील अनेक विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा याच पिढीतले आहेत.

आज प्रत्येक घरात मोबाइल आहे, म्हणजेच प्रत्येक घरात एक कॅमेरा आहे. तरीही या पिढीच्या आठवणींचे जे चित्रण होते ते बहुधा घाईचे, हललेले, वाऱ्याच्या आवाजात बुडालेले असते आणि त्यात विचारलेले प्रश्न ठरावीक असतात. साधन हाती आले, पण पूर्वतयारीची सवय अजून अंगी आलेली नाही. ती कशी लावून घ्यावी, दहा मिनिटांच्या माहितीपटासाठी दृश्यांची आखणी कशी करावी आणि मुलाखतीचे प्रश्न कसे घडवावेत, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे. आजी-माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांपैकी कोणालाही आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांची साक्ष नोंदवायची असेल, तर त्यांच्या हाती काही उपयोगाचे पडावे, एवढाच हेतू आहे.

आमची पहिली चूक

सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करणे योग्य ठरेल. काही वर्षांपूर्वी आमच्या अभ्यासवर्गातील आठ-दहा विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही एका पुनर्वसित गावी गेलो होतो. हाती दोन मोबाइल होते, मनात उत्साह होता आणि कागदावर काहीच नव्हते. ओसरीत बसलेल्या एका आजींसमोर एका विद्यार्थ्याने मोबाइल धरला आणि विचारले, "आजी, भूकंप झाला तेव्हा तुम्हाला कसं वाटलं?" आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काय सांगू लेकरा, दरसाली कोण ना कोण येतंय अन् हेच इचारतंय." एवढे बोलून त्या पाणी आणण्याच्या निमित्ताने आत गेल्या, त्या बाहेर आल्या नाहीत.

त्या दिवशी दोन तासांचे चित्रण झाले आणि त्यातले दोन मिनिटेही वापरण्याजोगे निघाले नाही. चित्रण वाया गेल्याचे दुःख मोठे नव्हते. एका वृद्ध स्त्रीची जखम आपण उघडी केली आणि तिच्या पदरात काहीच घातले नाही, हे शल्य मोठे होते. दोष त्या विद्यार्थ्याचा नव्हता. तयारी न करता त्याला तेथे नेणाऱ्या आमचा होता. आखणी म्हणजे केवळ तांत्रिक शिस्त नव्हे, तर समोरच्या माणसाबद्दलचा आदर कागदावर उतरविण्याची ती रीत आहे, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

आपल्या मातीतील दाखले

पूर्वतयारीची ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ मध्ये मुंबईत कुस्तीचे चित्रण केले आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. घडणारी घटना जशीच्या तशी टिपणारे ते या देशातील अगदी पहिले चित्रणकार होत. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) हा कथापट काढण्यापूर्वी एका कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर स्थिर ठेवला आणि अंकुर वाढत असताना दीर्घकाळ थोडे थोडे चित्रण करून 'अंकुराची वाढ' हा छोटा चित्रपट सिद्ध केला. काय दिसावे, कोठून दिसावे आणि किती काळ दिसावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पहिले चित्र घेण्यापूर्वीच ठरलेली असल्याखेरीज असे काम होणे शक्य नाही.

आपल्या समाजाला अत्यंत जवळचा दाखला नामदेव व्हटकर यांचा आहे. ६ डिसेंबर १९५६ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे महापरिनिर्वाण झाले. दुसऱ्या दिवशी मुंबईत निघालेल्या अंत्ययात्रेचे चित्रण झाले पाहिजे, हे साहित्यिक आणि चित्रपट दिग्दर्शक असलेल्या व्हटकरांनी ओळखले आणि आपला छापखाना गहाण ठेवून त्यासाठी पैसा उभा केला. त्या काळी ३५ मिलिमीटर फिल्मचे एक हजार फुटांचे रीळ जेमतेम अकरा मिनिटे चाले, आणि प्रत्येक फुटाला पैसे पडत. मोबाइलवर तासन्‌तास चित्रण करणाऱ्या आपण एवढे तरी मनाशी विचारावे : माझ्याजवळ केवळ अकरा मिनिटांचे रीळ असते, तर मी कोणते दृश्य घेतले असते आणि कोणते सोडले असते? आखणीची खरी सुरुवात या प्रश्नापासून होते.

विषय नव्हे, प्रश्न निवडावा

'किल्लारीचा भूकंप' हा विषय झाला. दहा मिनिटांत तो मावत नाही. माहितीपटाला विषयाबरोबरच एक प्रश्न लागतो, आणि तो एका वाक्यात लिहिता आला पाहिजे. उदाहरणार्थ : 'नव्या जागी घर मिळाले, पण गाव मिळाले का?' असे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. पुढे प्रत्येक दृश्य आणि प्रत्येक प्रश्न या वाक्यावर घासून पाहावा. ज्याचा या वाक्याशी संबंध लागत नाही, ते कितीही सुंदर असले तरी बाजूला ठेवावे.

प्रश्न ठरला की अभ्यास करावा. आमच्या उदाहरणात पुढील गोष्टी जाण्यापूर्वीच ठाऊक असल्या पाहिजेत. भूकंपाच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९९२ मध्ये, किल्लारी परिसरात धक्के जाणवले होते. हा प्रदेश त्या वेळी भूकंपाच्या दृष्टीने कमी धोक्याचा मानला जात होता. नंतर त्याची वर्गवारी बदलण्यात आली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्या गावांत घरांचे आकार कुटुंबाच्या जमिनीवरून ठरले : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्यापुढे सात हेक्टरपर्यंत ४०० चौरस फूट आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५० चौरस फूट.

या शेवटच्या बाबीकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. भूकंपात जाड दगडी भिंतींच्या घरांनी माणसे गाडली. कुडाच्या आणि पत्र्याच्या हलक्या घरांनी तुलनेने तग धरला. म्हणजे ज्यांच्याकडे कमी होते त्यांच्या डोक्यावर कमी कोसळले. पुनर्वसनात मात्र ज्यांच्याकडे जमीन नव्हती त्यांच्या वाट्याला सर्वांत लहान घर आले. ही माहिती आधी हाती नसेल, तर मुलाखतकार चौकातल्या मोठ्या घरापाशी थांबेल, तेथील दोन जाणत्या माणसांशी बोलेल आणि समाधानाने परत येईल. गावाच्या कडेची ओळ त्याच्या चित्रपटात येणारच नाही. कोणाला विचारायचे हे ठरविणे हीच पहिली आणि सर्वांत मोठी आखणी होय. आमचा आग्रह असा की, पाच मुलाखती घ्यायच्या असतील तर त्यांत किमान दोन स्त्रिया, एक भूमिहीन कुटुंबातील व्यक्ती आणि भूकंपानंतर जन्मलेली एक तरुण व्यक्ती असावी.

दृश्यांची आखणी

दहा मिनिटे म्हणजे सहाशे सेकंद. एक दृश्य पडद्यावर सरासरी सात सेकंद राहील असे धरले, तर सुमारे पंच्याऐंशी दृश्ये लागतात. मुलाखतीची दृश्ये दीर्घ असतात, त्यामुळे प्रत्यक्षात साठ-सत्तर पुरतात. ही संख्या आधी कळली की 'जाऊन बघू, जे दिसेल ते घेऊ' हा विचार आपोआप मागे पडतो.

कागदाचे उभे दोन भाग करावेत. डावीकडे 'काय ऐकू येईल' आणि उजवीकडे 'काय दिसेल' असे लिहावे. नवशिक्यांची नेहमीची चूक अशी की, दोन्ही रकान्यांत एकच गोष्ट येते. आजोबा म्हणतात, 'शेत लांब पडलं', आणि पडद्यावर शेत दिसते. त्याऐवजी आजोबा नव्या गावातून शेताकडे चालत निघाले आहेत, कॅमेरा एका जागी स्थिर आहे आणि ते लहान होत होत दिसेनासे होईपर्यंत वीस सेकंद जातात, असे दृश्य घ्यावे. अंतर सांगण्याचे काम त्या वीस सेकंदांनी केले. आजोबांच्या शब्दांना दुसऱ्या साक्षीदाराची जोड मिळाली. म्हणून प्रत्येक दृश्यापुढे एक प्रश्न लिहावा : हे दृश्य कशाची साक्ष देते? उत्तर सुचले नाही तर ते दृश्य काढून टाकावे.

आमच्या उदाहरणासाठी दृश्यसूचीचा एक नमुना येथे देतो.

१. पहाट. जुन्या गावाची जागा, लाँग शॉट. कॅमेरा तिपाईवर. पंधरा सेकंद. आवाज केवळ पाखरांचा.

२. ढासळलेल्या भिंतीचा दगड, क्लोजअप. मग त्याच दगडावरून दूरची झाडी.

३. किल्लारीचा स्मृतिस्तंभ, मिड शॉट. जवळून जाणारा एखादा शेतकरी चौकटीत येऊन निघून जातो.

४. नव्या गावातील रस्ता. लहान घरांच्या बाजूने मोठ्या घरांच्या बाजूकडे चालत घेतलेले एकच सलग दृश्य. निवेदन नाही.

५. दोन विद्यार्थी टेप धरून २५० चौरस फुटांची जागा जमिनीवर खडूने आखतात आणि त्यात सहा जण उभे राहतात. वरून, गच्चीतून.

६. आजींचे हात : भाकरी थापताना.

सहाव्या दृश्याच्या निमित्ताने एक सोपी रीत सांगतो. वृत्तचित्रणाच्या शिक्षणात ती पाच दृश्यांची रीत म्हणून शिकवितात. कोणतीही कृती पाच प्रकारे टिपावी : हातांचा क्लोजअप, चेहऱ्याचा क्लोजअप, हात आणि चेहरा एकत्र दिसणारा मिड शॉट, त्या व्यक्तीच्या खांद्यावरून दिसणारे काम, आणि शेवटी एखादा वेगळा कोन, उदाहरणार्थ दारातून किंवा चुलीच्या पातळीवरून. ही पाच दृश्ये हाती असली की संकलनाच्या वेळी मुलाखतीतील खोकला, थांबणे, पुनरुक्ती ही सर्व कापता येते आणि कापल्याची खूण पडद्यावर राहत नाही.

काही व्यावहारिक सूचना अशा. मोबाइल आडवा धरावा. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर ठेवावे, पडद्यावर चारच लागणार असली तरी. मोबाइलमधील झूम वापरू नये. जवळचे हवे असेल तर पायांनी जवळ जावे. आपल्याकडे दुपारचे ऊन चेहऱ्यावर काळ्या सावल्या पाडते, म्हणून बाहेरचे चित्रण सकाळी साडेनऊच्या आत आणि दुपारी साडेचारनंतर करावे. चित्रणाच्या वेळी फोन येऊ नये यासाठी मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा. बॅटरी, मेमरी आणि वहीत दृश्याचा क्रमांक, या तीन गोष्टींची जबाबदारी तीन वेगवेगळ्या विद्यार्थ्यांवर सोपवावी.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नये. हललेले चित्र प्रेक्षक सहन करतो. न समजणारा आवाज सहन करीत नाही. मुलाखतीच्या खोलीतील पंखा बंद करावा. रस्त्यावरून ऊस वाहणारी वाहने जात असतील तर मागच्या अंगणात बसावे. साधा कॉलर माइक मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास दुसरा मोबाइल बोलणाऱ्या व्यक्तीजवळ, पदराला किंवा टेबलाला न घासेल असा ठेवून त्यावर वेगळे ध्वनिमुद्रण करावे. प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता अर्धा मिनिट नुसता तेथला आवाज टिपावा. दोन तुकडे जोडताना हा मौनाचा आवाज मोलाचा ठरतो.

मुलाखतीचे प्रश्न

आता लेखाच्या गाभ्याकडे येतो. प्रश्न विचारणे ही विद्या आहे, आणि तिचा विचार आपल्या परंपरेत फार पूर्वी झाला आहे. अंगुत्तर निकायाच्या चतुक्क निपातात तथागतांनी प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत : ज्याचे थेट उत्तर द्यावे असा, ज्याचे विभाग पाडून उत्तर द्यावे असा, ज्याला प्रतिप्रश्न करून उत्तर द्यावे असा, आणि जो बाजूला ठेवून द्यावा असा. मूळ उपदेश उत्तर देणाऱ्यासाठी आहे. तरी प्रश्न विचारणाऱ्यानेही आपली यादी याच चार कप्प्यांत लावून पाहावी, असे आम्हास अनुभवावरून वाटते.

पहिला प्रकार थेट उत्तराचा. 'तुमचं जुनं घर गावात कुठल्या भागात होतं?' 'घरात किती माणसं होती?' 'नव्या घरात कधी राहायला आलात?' या प्रश्नांनी सुरुवात करावी. उत्तर सोपे असते, त्यामुळे बोलणाऱ्याचे अवघडलेपण जाते आणि आपल्याला तपासता येतील अशा नोंदी मिळतात. मात्र असे प्रश्न चार-पाचांहून अधिक नसावेत, नाही तर मुलाखतीला जनगणनेचे रूप येते.

दुसरा प्रकार विभाग पाडण्याचा. 'पुनर्वसन चांगलं झालं का?' असे विचारले तर 'झालं की' किंवा 'काही खरं नाही' एवढेच हाती लागते. हा एक प्रश्न नसून पाच-सहा प्रश्नांचे गाठोडे आहे. ते सोडून मांडावे : भिंती कशा आहेत? पाणी किती लांब आहे? जनावरं कुठं बांधता? मुलगा वेगळा निघाला तेव्हा त्याची सोय कुठं झाली? पूर्वीचे शेजारी आता जवळ राहतात की लांब? प्रत्येक उत्तर वेगळे येईल आणि माणसाचे खरे मत त्या वेगळेपणातून दिसेल. एकाच वाटेने 'होय' किंवा 'नाही'कडे नेणारा प्रश्न कधीही यादीत ठेवू नये.

तिसरा प्रकार प्रतिप्रश्नाचा. मोठी माणसे बोलताना मोठे शब्द वापरतात. कोणी म्हणाले, 'गावातली एकी गेली', तर मान डोलावून पुढे जाऊ नये. 'एकी म्हणजे काय काय व्हायचं काका? एखादा प्रसंग सांगता का?' असे विचारावे. 'आधी चाहूल लागली होती' असे कोणी म्हटले, तर 'आदल्या वर्षी धक्के बसले तेव्हा घरात काय बोलणं झालं?' असे विचारावे. हे प्रश्न आधी पूर्ण लिहिता येत नाहीत. त्यासाठी अभ्यास लागतो आणि अभ्यासापेक्षाही अधिक, ऐकणे लागते. पुढच्या प्रश्नाच्या चिंतेत असलेला मुलाखतकार समोरचे उत्तर ऐकत नसतो.

चौथा प्रकार बाजूला ठेवण्याचा. ढिगाऱ्याखाली गेलेल्या लेकराबद्दल, मृतदेहाबद्दल, त्या क्षणाच्या आकांताबद्दल आपण होऊन विचारू नये. 'कसं वाटलं?' हा प्रश्नही याच कप्प्यातला. सांगणाऱ्याला सांगावेसे वाटले तर ती व्यक्ती स्वतः सांगेल. तेव्हा थांबवू नये आणि खोदूही नये. अश्रू आले तर कॅमेरा जवळ नेऊ नये. चित्रण थांबवावे का, हे त्यांना विचारावे आणि त्या म्हणतील तसे करावे. जे सत्य आहे ते सर्वच विचारले पाहिजे असे नाही. योग्य वेळी, मृदुपणे आणि हिताच्या बुद्धीने बोलावे, हा सम्यक वाचेचा धडा कॅमेऱ्यामागे उभे राहणाऱ्यालाही लागू आहे.

वर्षभरानंतर आम्ही त्याच आजींकडे पुन्हा गेलो. या वेळी आधी कॅमेऱ्याशिवाय दोनदा जाऊन आलो होतो. तिसऱ्या भेटीत परवानगी घेऊन चित्रण सुरू केले आणि त्याच विद्यार्थ्याने विचारले, "आजी, जुन्या घरात चूल कुठल्या अंगाला होती?" आजी क्षणभर थांबल्या, मग खाली बसून बोटाने फरशीवर घर काढू लागल्या. ही ढाळज, हे बळद, इथे चूल, इथे सासूबाईंचे अंथरूण, इथून माळवदावर जायचा जिना. बोट त्या घरातून फिरत राहिले आणि त्या पाऊण तास बोलल्या. भूकंपाचा शब्द आम्ही काढला नव्हता. त्या स्वतः त्या पहाटेपर्यंत आल्या, कोण कोठे झोपले होते ते सांगितले आणि बोट एका जागी थांबले. आम्हीही थांबलो. त्या चित्रणात त्यांचा चेहरा फार थोडा आहे. बहुतेक वेळ फरशीवरचे बोट आहे. ज्यांनी ते पाहिले त्यांनी घर पाहिल्याचे सांगितले, जरी फरशीवर एकही रेघ उमटलेली नव्हती.

प्रश्न भावनेऐवजी जागेचा, वस्तूचा किंवा कामाचा असेल तर आठवण आपल्या पायांनी चालत येते, हे सूत्र त्या दिवशी आम्हास मिळाले. दृश्यांची आखणी आणि प्रश्नांची आखणी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हेही तेव्हाच उमगले. योग्य प्रश्नाने दृश्य स्वतःच निर्माण केले होते. आमच्या विद्यार्थ्याने कॅमेरा चेहऱ्यावरून बोटाकडे वळविण्याची समज दाखविली, कारण पाच दृश्यांची रीत त्याच्या हातात बसलेली होती.

मुलाखत घेताना

विचारणाऱ्याने कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी, सांगणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसावे. आजी खाली बसल्या असतील तर आपणही खाली बसावे आणि कॅमेराही खाली आणावा. वरून घेतलेले दृश्य माणसाला केविलवाणे करते. खिडकी किंवा दार बाजूला असावे, पाठीमागे नसावे; पाठीमागे असल्यास चेहरा काळा पडतो. एक व्यक्ती पडद्याच्या डावीकडे पाहत असेल तर पुढची उजवीकडे पाहील अशी बैठक ठेवावी, म्हणजे जोडल्यावर दोन माणसे एकमेकांशी बोलत असल्यासारखी वाटतात.

चित्रपटात आपला प्रश्न बहुधा कापला जातो. म्हणून आधीच विनंती करावी : 'मी विचारलं की जुनं घर कुठं होतं, तर तुम्ही "आमचं जुनं घर..." अशी सुरुवात करा.' एका वेळी एकच प्रश्न विचारावा. उत्तर संपले असे वाटल्यावर मनात पाचपर्यंत मोजावे. पुष्कळदा खरे उत्तर त्या पाच अंकांनंतर येते. 'हो हो', 'बरोबर' असे तोंडाने म्हणू नये, मान हलवावी. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि शेवटी पुन्हा आजच्या जगण्याकडे असा असावा. माणसाला त्या पहाटेत एकटे सोडून आपण उठून येऊ नये. शेवटचा प्रश्न नेहमी एकच ठेवावा : 'आम्ही विचारायचं राहिलं असं काही तुम्हाला सांगायचंय का?'

आठवण आणि नोंद यांत फरक पडतो. तीस वर्षांनंतर तारखा सरकतात, आकडे वाढतात. सांगणाऱ्याला तेथेच खोडून काढू नये. मात्र घरी येऊन पडताळणी करावी आणि जे जुळत नाही ते निवेदनात सत्य म्हणून मांडू नये.

परत जाणे

चित्रण संपले म्हणजे काम संपले असे नाही. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट सुमारे चौदा वर्षे चित्रित होत होता. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात झालेल्या गोळीबारात दहा जणांचा बळी गेला आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. त्या दुःखापासून या चित्रपटाची सुरुवात झाली. एवढा काळ सर्वांना देता येणार नाही, पण आपले काम पूर्ण झाल्यावर एकदा तरी परत जाणे प्रत्येकाला शक्य आहे. कच्चे संकलन त्या कुटुंबाला आधी दाखवावे. 'हे ठेवू नका' असे त्यांनी म्हटले तर काढावे. चित्रण सुरू करण्यापूर्वी घेतलेली संमती ही अर्धी संमती होय. पाहिल्यानंतर दिलेली संमती पूर्ण होय. चित्रपटाची एक प्रत त्यांच्या घरी राहावी, आणि न कापलेल्या मुलाखतीची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात नाव, गाव व तारीख लिहून जपावी. आपण काढलेली दहा मिनिटे पुढे कदाचित विस्मृतीत जातील. पण ती मूळ पाऊण तासाची साक्ष पुढील पिढीच्या अभ्यासकाला लागेल.

या शाळेतून बाहेर पडलेले आमचे विद्यार्थी आज ठिकठिकाणी नोकरी-व्यवसायात स्थिरावले आहेत. त्यांना आमची विनंती अशी की, येत्या सुट्टीत गावी आल्यावर एक वही घ्यावी. पहिल्या पानावर एक प्रश्न एका वाक्यात लिहावा, दुसऱ्यावर वीस दृश्ये, तिसऱ्यावर दहा प्रश्न, आणि त्या दहांपैकी जे बाजूला ठेवायचे त्यांच्यापुढे खूण करावी. मग मोबाइल खिशातच ठेवून आजीजवळ जाऊन बसावे आणि चूल कुठल्या अंगाला होती ते विचारावे. कॅमेरा दुसऱ्या दिवशी काढला तरी चालेल. मात्र त्या भेटीसाठी आणखी फार वर्षे थांबू नये.